जुने इपॉक्सी: रेझिन बहुधा वाचते, हार्डनर तपासावा लागतो

आपला प्रश्न असा आहे की, नाशिकच्या घरात माळ्यावर तीन वर्षे पडून असलेला एलवाय 556 या इपॉक्सी रेझिनचा डबा आणि त्यात मिसळून ते घट्ट करणाऱ्या एचवाय 951 हार्डनरची बाटली सागवानी टेबलाच्या भेगा भरण्यासाठी वापरता येईल का. रेझिन पांढुरके आणि रवाळ झाले आहे, हार्डनर पिवळा पडला आहे आणि छापील मुदत केव्हाच उलटली आहे. माझ्या मते रेझिन बहुतेक वाचेल. शंका हार्डनरबद्दल आहे, आणि तो निकामी निघालाच तर त्याच क्रमांकाचा हार्डनर तेवढा नवा आणावा, पूर्ण जोडी टाकून देण्याचे कारण नाही.

रेझिन रवाळ होणे म्हणजे ते खराब होणे नव्हे. एलवाय 556 सारखे बिसफिनॉल-ए या रसायनापासून बनणारे रेझिन साध्या तापमानाला द्रवरूप दिसत असले तरी मुळात त्याचा कल घनरूप होण्याकडेच असतो. थंडी, तापमानातील चढउतार आणि झाकणाला चिकटलेला एखादा स्फटिक एवढे निमित्त मिळाले की, मधाची साखर व्हावी तसे ते रवाळ होते. निफाड-नाशिकच्या थंडीत हे घडले नसते तरच नवल. डबा 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात, झाकण किंचित सैल करून आणि पाण्याचा थेंबही आत जाणार नाही अशा बेताने ठेवावा व अधूनमधून ढवळावे. रेझिन पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबावे. डब्याच्या काठावरचे आणि झाकणाच्या आतले कणही विरघळले पाहिजेत, कारण उरलेला एक कणसुद्धा पुढच्या थंडीत सगळा डबा पुन्हा रवाळ करू शकतो. वरवरचे पातळ रेझिन तेवढे ओतून घेण्याचा मोह टाळावा, कारण त्याने मिश्रणाचे प्रमाण बिघडते. मिसळण्यापूर्वी मात्र रेझिन खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, अन्यथा मिश्रण हाताळायला वेळच मिळणार नाही.

हार्डनरचे दुखणे वेगळे आहे. एचवाय 951 हा अमाइन (रेझिनशी जोडले जाऊन ते घट्ट करणारी नायट्रोजनयुक्त रसायने) वर्गातील असून तो हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. बाटलीच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर म्हणजे या प्रक्रियेतून बनलेले कार्बामेट होय, आणि जेवढे अमाइन त्यात अडकले तेवढे रेझिनशी जोडले जाण्यासाठी उरत नाही. नुसता पिवळेपणा मजबुतीच्या दृष्टीने फारसा चिंतेचा नसतो. मात्र पारदर्शक ओतकामात तो डोळ्यांत भरतो. द्रव गढूळ झाला असेल, तळाशी साका बसला असेल किंवा तो लक्षणीय घट्ट झाला असेल, तर चाचणीच्या भानगडीत न पडता तो बाद करावा, कारण रेझिनप्रमाणे तो गरम करून पूर्ववत होत नाही. बाटली सीलबंद होती की पावसाळ्यात अर्धी रिकामी पडून होती, हे वर्षे मोजण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

द्रव स्वच्छ असल्यास चाचणी घ्यावी. या जोडीचे नेहमीचे प्रमाण वजनाने 100 भाग रेझिनला 10 भाग हार्डनर असे आहे. म्हणजे 20 ग्रॅम रेझिनला केवळ 2 ग्रॅम हार्डनर लागतो, आणि एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा स्वयंपाकघरातील काटा इथे कुचकामी ठरतो. 0.1 ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा काटा घ्यावा. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटे नीट ढवळून मिश्रण उथळ झाकणात ओतावे आणि त्याच मिश्रणाने लाकडाचे दोन टाकाऊ तुकडे जोडून ठेवावेत. साधारण 25 ते 30 अंशांच्या हवेत 24 तासांनी नख रुतता कामा नये. जोडलेले तुकडे आठवड्याने तोडून पाहावेत; लाकूड फाटले तर जोड चांगला, गोंदाची रेघ सुटली तर नापास. मिश्रण चिकट राहिले म्हणून पुढच्या वेळी हार्डनर वाढवून घालणे हा उपाय नव्हे. जादा अमाइन न जोडलेले राहते आणि पदार्थ आणखी कमकुवत होतो.

पावसाळ्यात पृष्ठभागावर येणारा तेलकट पातळ थर मात्र जुनेपणाचा पुरावा मानू नये. नव्या हार्डनरनेही तो येतो. पुढचा हात देण्यापूर्वी तो साध्या पाण्याने धुवावा, मगच पॉलिश पेपर फिरवावा.

हे सर्व इपॉक्सीपुरते आहे. दुकानात ‘रेझिन’ म्हणूनच मिळणारे पॉलिएस्टर डब्यातच काही महिन्यांत आपोआप जेलीसारखे होते आणि मग ते कशानेही परत येत नाही.

चाचणी उत्तीर्ण झाली तर टेबलाच्या भेगा खुशाल भराव्यात. शिडी, होडी किंवा जिथे जोड सुटल्यास माणसाला इजा होईल अशा कामासाठी मात्र मी जुनी सामग्री चाचणीनंतरही वापरणार नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि त्वचेला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावे; या पदार्थांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. बाद ठरवलेला हार्डनर मोरीत ओतू नये. थोड्या रेझिनमध्ये अगदी लहान मात्रेत मिसळून, उघड्यावर, पसरट भांड्यात घट्ट होऊ द्यावा. मोठा मगभर एकदम मिसळल्यास तो इतका तापतो की धूर निघतो.