पेजफाइल उडवू का?

प्रश्न : माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स अशी कामं. मशीनला विंडोज 10, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क आहे. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप एकदम उघडलं की मशीन गपगार. सी मध्ये 'पेजफाइल डॉट सिस' नावाची 6 जीबीची फाइल दिसली. भाचा म्हणतो, व्हर्च्युअल मेमरी बंद करून ती उडवा, जागा सुटेल आणि वेगही वाढेल. करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नका करू. भाच्याला रागावू नका, हाच शहाणपणा मीही केलेला आहे. पूर्वी एका छापखान्यात मी ती फाइल बंद करून आलो. दोन दिवस मालक खूश. तिसऱ्या संध्याकाळी 'मेमरी अपुरी' असा संदेश आला आणि ऑपरेटरने तासन्‌तास सेव्ह न केलेलं हँडबिल प्रोग्रामसकट गेलं. पुन्हा त्या दारात गेलो तेव्हा चहासुद्धा विचारला नाही कुणी.

झालं होतं असं. प्रोग्राम जागा मागतो तेव्हा विंडोज रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज बघून हो म्हणतं. तुमच्याकडे ही बेरीज 4 अधिक 6, म्हणजे 10 जीबी. फाइल उडवलीत की उरले 4, आणि मोठा फ्लेक्स उघडला की नकार.

आता ही व्हर्च्युअल भानगड. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, आपली जमीन सलग आहे. खरं तर ती 4 केबीच्या तुकड्यांत, म्हणजे 'पेज'मध्ये, कुठे कुठे विखुरलेली असते. कुठला तुकडा कुठे, याचं दप्तर तलाठ्यासारखं विंडोज सांभाळतं. बराच वेळ न लागलेले तुकडे ते डिस्कवर, बहुतेक याच पेजफाइलमध्ये, नेऊन ठेवतं आणि लागले की परत आणतं. युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात 1962 साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकात टॉम किलबर्न आणि मंडळींनी 512 शब्दांची पेजेस करून महागड्या कोअर मेमरीला फिरत्या ड्रमची जोड दिली होती. अडचण तेव्हाही तुमचीच होती, वेगवान मेमरी परवडत नव्हती.

भाच्याला हेही सांगा, की पेजफाइल बंद केली तरी ही ने-आण थांबत नाही. कोरलचा स्वतःचा कोड त्या फाइलमध्ये जातच नाही. रॅम भरली की विंडोज तो सरळ टाकून देतं आणि पुन्हा लागला की मूळ फाइलमधून वाचतं. पेजफाइलमध्ये जातं ते मुख्यतः तुमचं चालू काम. त्याला जागाच नसेल, तर रॅम रिकामी करायला विंडोज कोडच जास्त फेकेल. म्हणजे डिस्कची घरघर आहे तिथेच.

मशीन गपगार होतं ते या घरघरीमुळे. रॅममधून काही आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून 10 मिलिसेकंदांच्या आसपास. फरक लाखपटीचा. रॅमचं काम एक मिनिटाचं धरलं तर डिस्कचं जवळपास सत्तर दिवसांचं!

सी मध्ये जागाच हवी असेल तर पेजफाइल डी वर हलवा. 'व्हर्च्युअल मेमरी'च्या खिडकीत सगळ्यात वरची आपोआपची खूण काढा, डी ला 'सिस्टम मॅनेज्ड' द्या, मग सी ला 'नो पेजिंग फाइल', आणि रीस्टार्ट. वेग मात्र वाढणार नाही. डी हा त्याच डिस्कचा वाटा आहे, मध्ये भिंत घातली म्हणून दुसरं घर होत नाही. शिवाय निळा पडदा आला तर त्याच्या कारणाची नोंद नीट राहत नाही, हा एक तोटा. हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद करा, आणखी दीडेक जीबी सुटेल.

वेग हवा तर खर्च रॅमवर करा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' उघडा. किती खाचा वापरात आहेत ते तिथे दिसेल. एक रिकामी असेल तर मशीनमधली रॅम डीडीआर 3 आहे की 4 हे बघून तशीच 4 जीबीची पट्टी टाका. नंतर पैसे उरले तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. हे सगळं दिवाळीआधी उरका, तुळशीचं लग्न लागलं की तुम्हाला मशीन उघडायला सवड मिळायची नाही.