इंटरनेटची मानकं ‘खुली’ आहेत म्हणतात, मग ती मोठ्या कंपन्याच ठरवतात का?

बऱ्याच अंशी हो. फक्त बंद खोलीत नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी नाशिकमध्ये वेबसाइट बनवतो. द्राक्ष निर्यातदार, क्लासवाले, मंगल कार्यालयं असे ग्राहक. त्यातलं कुणीही साइट फायरफॉक्समध्ये उघडून बघत नाही, क्रोममध्ये नीट दिसली की बिल मंजूर. कागदावर काहीही लिहिलेलं असो, कॉलेज रोडवर मानक म्हणजे क्रोममध्ये जे चालतं ते. कंपन्यांची खरी ताकद इथे आहे, बैठकांतली वशिलेबाजी नंतर.

वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचंच घ्या. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं धोरण पटेना म्हणून 2004 मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळी चूल मांडली, व्हॉटडब्ल्यूजी नावाची. 2019 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएल तिच्याच हवाली केलं. तिच्या सुकाणू गटात अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला. नवी सोय मानकात यायची तर किमान दोन ब्राउझर इंजिनवाल्यांनी रस दाखवावा लागतो (इंजिन म्हणजे पान पडद्यावर उभं करणारा ब्राउझरचा गाभा). नियम शहाणपणाचाच आहे (कुणी बनवणारच नसेल तर लिहून उपयोग काय?), पण मोठी इंजिनं उरलीत तीन.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते ईएमईचं प्रकरण. ब्राउझरमध्ये कुलूपबंद व्हिडिओ चालवायची ही सोय. मसुद्याचे संपादक गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्सचे. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची मागणी साधी होती: यातल्या सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांवर खटले भरणार नाही, एवढं सदस्यांनी लिहून द्यावं. ते झालं नाही. ईएफएफच्या अपिलावर मतदान झालं: मानकाच्या बाजूने 108, विरोधात 57, तटस्थ 20. सप्टेंबर 2017 मध्ये मानक जाहीर झालं आणि ईएफएफ त्याच दिवशी डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडली. लहान असो वा मोठा, प्रत्येक सदस्याला एकच मत, हे खरं. पण सदस्य व्हायला फी भरावी लागते, तेव्हा मतदारयादी कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला नको.

इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचं वेगळं आहे. तिथे सदस्यत्वच नाही, मतदानही नाही. कुणीही ईमेलवरून चर्चेत उतरावं. बैठकीत हात वर करण्याऐवजी चक्क ‘हम्म्म’ करून कल बघायची तिथली जुनी पद्धत! गूगलने घरात तयार केलेला क्विक प्रोटोकॉल तिथे गेला आणि 2021 मध्ये आरएफसी 9000 (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून बाहेर आला, तेव्हा डेटा सांकेतिक करायची गूगलची स्वतःची कूटपद्धत जाऊन आयईटीएफचीच टीएलएस 1.3 ही पद्धत आली होती. म्हणजे कंपनीचं सगळंच चालतं असं नाही. मात्र वर्षानुवर्षं मसुदे वाचत बसायला कुणीतरी पगार द्यावा लागतो, आणि तो बहुधा कंपनीच देते.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एचटीएमएल मानकाच्या चर्चा सगळ्यांना खुल्या आहेत. एखादी जुनी, लांबलेली हरकत उघडा आणि शेवटचा निर्णय देणारा कुठे नोकरीला आहे ते तपासा.