वाचकांचे प्रश्न : सिगारेट कंपनीतला साहेब बोलला, पुढे काय?

प्रश्न : 'द इनसायडर' हा हॉलिवूडचा पिक्चर बघितला, सिगारेट कंपनीतला माणूस टीव्हीवर कंपनीची आतली गुपितं सांगतो तो. मला सगळ्यात टेन्शन कोर्टात नाही, मुलीच्या मेडिकल इन्शुरन्सवरून आलं. एवढा गलेलठ्ठ पगारवाला माणूस त्यावरून गप्प बसतो? मुळात हे घडलंय का?

उत्तर : घडलंय हो. जेफ्री वायगंड, ब्राऊन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीत रिसर्चचा व्हाइस प्रेसिडेंट, अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिलला, १९८९ ला लागला आणि मार्च १९९३ मध्ये त्याला काढलं. आणि इन्शुरन्सवर तुम्ही अगदी बरोबर बोट ठेवलंत, माझ्या मते पिक्चरचा जीवच तिथे आहे. तो सीन आठवा, काढून टाकल्यावर कंपनीचा मोठा साहेब त्याला परत ऑफिसात बोलावतो, गोड बोलतो, गोल्फच्या गप्पा वगैरे, आणि मग हळूच नवा कागद पुढे सरकतो, म्हणजे आधीचा गोपनीयतेचा करार आहेच पण आता अजून कडक, सही कर नाहीतर नोकरी सोडतानाचे पैसे बंद आणि मेडिकल पण बंद. धमकीच ती, पण कागदोपत्री आणि हसतमुखाने. तिकडे तेव्हा इन्शुरन्स बहुतेकांचा नोकरीलाच बांधलेला, नोकरी गेली की तोही गेला, आणि घर तर त्या मोठ्या पगाराच्या भरवशावरच घेतलेलं, त्यात पिक्चरमधल्या पोरीला दमा. मोठा पगार असला की माणूस जास्त अडकतो, कमी नाही.

प्रश्न : चॅनेलने मुलाखत घेतली आणि मग दाखवायचीच नाही म्हणे. माणूस खरं बोलतोय तर केस कसली?

उत्तर : बदनामीची केस असती तर 'हे खरं आहे' एवढं सिद्ध केलं की सुटलात. इथे सीबीएसच्या, म्हणजे त्या चॅनेलच्या, वकिलांना भीती दुसऱ्याच कलमाची, की करारात अडकलेल्या माणसाला तुम्ही करार मोडायला लावलात, म्हणजे कंपनीचं नुकसान तुमच्यामुळे. यात माणूस जेवढं खरं बोलेल तेवढं नुकसान मोठं! डोकं गरगरतं पण कायदा तसा. त्यात चॅनेल वेस्टिंगहाऊस कंपनीला विकायचं चाललेलं, अशा वेळी अब्जावधीची केस कोण अंगावर घेणार. मग नोव्हेंबर १९९५ ला 'सिक्स्टी मिनिट्स' या चॅनेलच्या कार्यक्रमात त्याच्या मुलाखतीशिवायच कापलेला भाग दाखवला. त्याच महिन्यात त्याने मिसिसिपी राज्यात, पास्कगूला गावी, राज्य सरकारने तंबाखू कंपन्यांवर लावलेल्या केसमध्ये साक्ष दिली, तीही केंटकीच्या कोर्टाने तोंड बंद ठेवायला सांगितलेलं असताना, म्हणजे घरी परतल्यावर अटक होऊ शकली असती. जानेवारीत ती साक्ष वॉल स्ट्रीट जर्नल या पेपरने छापली, बाहेर सगळं आलंच म्हटल्यावर ४ फेब्रुवारी १९९६ ला चॅनेलला मुलाखत दाखवायचा धीर आला.

प्रश्न : बायको सोडून जाते तेव्हा मला तिचाच राग आला. चूक का?

उत्तर : तुमची नाही, पिक्चरची. न्यूयॉर्कमधला जेवणाचा सीन परत बघा, नवरा टीव्हीवर मुलाखत देणार हे तिला त्या टेबलावर, परक्या माणसांसमोर कळतं. घर, इन्शुरन्स, पोरी, सगळं पणाला लागतंय आणि हिला साधं विचारलेलं नाही! उठून जाईल नाहीतर काय करेल. पण कॅमेरा सगळा वेळ त्याच्या चेहऱ्यावर, वायगंड झालेल्या रसेल क्रोने वजन वाढवून, केस पांढरे करून काम जबरदस्त केलंय हे कबूल, पण तिची बाजू पाच मिनिटं तरी हवी होती. किंमत तिनेही मोजलीच की.

प्रश्न : लेटरबॉक्समध्ये बंदुकीची गोळी सापडते, ते खरं?

उत्तर : धमक्या कुणी दिल्या ते कधी सिद्ध झालं नाही, शेवटच्या पाटीत पिक्चरवाल्यांनीच लिहिलंय. त्यामुळे तिथून थेट कंपनीकडे बोट दाखवू नका. त्यापेक्षा कंपनीच्या बाजूने त्याच्याविरुद्ध तयार झालेली ५०० पानांची फाइल बघा, त्याच्या आयुष्यातल्या बारीकसारीक जुन्या भानगडी उकरून पत्रकारांपर्यंत पोचवलेली, जर्नलने तपासली तर बरेच आरोप टिकले नाहीत. मला गोळीपेक्षा याची जास्त भीती वाटली.

प्रश्न : मग त्याला शेवटी मिळालं काय?

उत्तर : पैशात विचाराल तर तोटाच. वर्षाला तीन लाख डॉलरवरून साधारण तीस हजारांवर आला, लुइव्हिलच्याच शाळेत केमिस्ट्री आणि जपानी शिकवत होता. घटस्फोटही झाला. तिकडे नोव्हेंबर १९९८ ला सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली, २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्यायची. सगळं एकट्या वायगंडमुळे असं नाही, राज्यांचे वकील आधीपासून मागे लागलेलेच होते, पण आतला माणूस शपथेवर बोलल्याने वजन आलं. आणि पिक्चरला विचाराल तर ऑस्करची ७ नामांकनं, मिळालं एकही नाही.