आजीची कांचळी विकू का?

प्रश्न : ताई, आम्ही बंजारा, आमचा तांडा किनवटकडचा. आजीच्या ट्रंकेत तिचा फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), ओढणी आणि बलिया (बांगड्या) आहेत. एक व्यापारी सगळ्याचे मिळून बरे पैसे देतोय. आरशांच्या भिंगांचे तुकडे कापून पिशव्यांना लावणार म्हणतो. आजीही 'देऊन टाक' म्हणते. गॅदरिंगला आम्ही मुली भाड्याचा 'बंजारा ड्रेस' घालून नाचतो. काय करू?
– एक वाचक, जि. नांदेड

उत्तर : बाई गं, देऊ नकोस. कापायला तर मुळीच नको.

आजी असं का म्हणते ते मला कळतं. माझ्या याडीनंही, म्हणजे आईनंही, फेटिया सोडून साडी धरली. बाजारात, एस.टी.त लोक टक लावून बघायचे. आपल्यासारख्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण पोशाखावरून तांड्याची बाई ओळखायची आणि पिशवी तपासायची, ही खोड गेली नाही. ज्या कपड्यामुळे अपमान सोसला, तो ट्रंकेत गेला यात नवल काय? तोच आता स्टेजवर टाळ्या घेतो, याचा मला राग येतो. तुमचा नाही, मुलींनो.

कांचळी उजेडात धर आणि आजीला शेजारी बसव. पाठ उघडी, नाड्यांनी बांधायची. पुढं भिंगं, कवड्या, कधी जुनी नाणी. कुठला भाग तिनं शिवला, कुठला तिच्या याडीनं? केसांतली घुगरी, दंडावरच्या बलिया लग्न झालेल्या बाईच्या. तिनं त्या कधी घातल्या, कधी उतरवल्या? मोबाइलवर तिच्याच गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत, रेकॉर्ड कर.

धुऊ नकोस, रंग सुटतो. भिंगांवर घडी पडू देऊ नकोस. प्लॅस्टिकमध्ये दमट राहतं. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळ.

जात पडताळणीला आपल्याकडं 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. तेव्हा तांड्यात शाळाच नव्हती, तर दाखला कुठला? कार्यालयात कांचळी चालणार नाही, ठाऊक आहे. तरी तुमच्या घरात त्या तारखेआधीचं काही असेल तर बहुधा तीच असेल.

बलिया हस्तिदंताच्या निघाल्या तर त्यांची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. व्यापाऱ्याच्या हाती देऊन अडचणीत येऊ नका. अगदीच नड असेल तर बाकीचा जोड अख्खा, एखाद्या संग्रहालयाला विचारून द्या.

आणि व्यापाऱ्याला भिंगांचंच काम हवं असेल तर नवं शिवून देऊ म्हणावं. कर्नाटकात संडूरच्या लमाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, कशिद्याला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या बायका त्यावर कमावतात. आजीचे डोळे चालतात तोवर टाका शिकून घे, तांड्यातल्या चार जणींना बसव आणि मजुरी आधी ठरवून घ्या.