‘आर्ट सिल्क’ म्हणजे काय, सांग बरं?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची, वय 23, मराठी घेऊन एम.ए. केलंय. घरचे 8 माग आहेत. मला फॅशनमध्ये लिहायचंय पण शिवणकाम येत नाही, ड्रॉइंग तर अजिबातच नाही. इंग्रजी वाचते, लिहिताना अडखळते. दादा म्हणतो तिकडे लिहिणाऱ्याला कोण विचारतंय. खरंच स्कोप आहे का, की सरळ बी.एड. करू?

उत्तर : दादाला सांग, विचारतात, फक्त नाव छापत नाहीत! फॅशनचं लिखाण म्हटलं की आपल्याला व्होग, एल, फेमिना आठवतं, पण तिथल्या जागा मोजक्याच आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीत राहायचं भाडं पण परवडायला पाहिजे. बाकीचं सगळं काम बारीक अक्षरात असतं. ऑनलाइन कुर्ता घेताना फोटोखाली तू ज्या चार ओळी वाचतेस त्या कुणीतरी लिहिलेल्या असतात, तसंच कपड्याला लटकवलेला टॅग, साडीवाल्यांच्या इन्स्टाच्या कॅप्शन, शोच्या वेळी पत्रकारांना देतात ती टिपणं, नवीन कलेक्शनचं लुकबुक, म्हणजे फोटोंची पुस्तिका.

मी स्वतः बंगळूरला एका कंपनीत अशी वर्णनं लिहायचे, दिवसाला 40. दुसऱ्याच आठवड्यात शीटमध्ये ‘आर्ट सिल्क’ आलं, मला वाटलं कलात्मक रेशीम असणार, मी काय फुलवून लिहिलं म्हणून सांगू, आणि आर्ट म्हणजे निघालं आर्टिफिशियल, रेशमाचा किडा त्या साडीच्या आसपास पण फिरकला नव्हता. साड्या धडाधड परत आल्या आणि मी आठवडाभर मान खाली घालून बसले. आता बघ, ही चूक तुझ्याकडून झाली नसती. सायझिंग (सुताला खळ लावणं), वहिफणी (ताण्याचे धागे फणीतून ओवणं), रीड-पीक (इंचात उभे-आडवे धागे किती), सूत किती काउंटचं म्हणजे किती बारीक, हे तू जेवताना ऐकत मोठी झालीस. आम्हाला ते पुस्तकात बघून पाठ करावं लागलं.

जून 2025 मधलं प्राडाचं, त्या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीचं, प्रकरण आठवतंय ना? मिलानला पुरुषांच्या कपड्यांचा शो, मॉडेलच्या पायात आपलं कोल्हापुरी पायताण, आणि त्यांच्या माहितीत नुसतं चामड्याचं सँडल, कोल्हापूरचा उल्लेखच नाही. ज्या चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या 8 जिल्ह्यांसाठी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तिची ही गत! इकडे गदारोळ झाला तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांच्या चपलेची आहे. एका शब्दाचं काम होतं गं. डिझायनरला सगळ्यांनी शिव्या घातल्या, मला मात्र ते टिपण लिहिणाऱ्याचाच राग आला.

आता कडू पण सांगते. ‘सुंदर निळा कुर्ता, सणासुदीला खास’ असलं लिखाण हल्ली एआय मिनिटात करून देतं, त्याचे पैसे तुला कुणी देणार नाही. पण कापड हातात घेऊन ते घामात अंगाला चिकटेल का, धुतल्यावर आटेल का, हे त्याला कळत नाही. म्हणून घरातली आणि बाजारातली मिळून 10 कापडं घे आणि प्रत्येकावर 60 शब्द लिही, मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजी वाक्यं छोटी चालतात, उलट छोटीच लागतात. ‘रॉयल’ आणि ‘एलिगंट’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग त्या सगळ्याची पीडीएफ करून आधी छोट्या हातमागवाल्या ब्रँडना मेल कर, मोठ्यांना नंतर.

निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेत फॅशन कम्युनिकेशनचा कोर्स आहे, खारघरला पण आहे, पण तो 4 वर्षांचा, बारावीनंतरचा. तू एम.ए. झालीस, आता परत मागे कशाला जातेस? आणि बी.एड. करायचं तर कर की, हे संध्याकाळी पण लिहिता येतं.

प्रश्न : एका साडी ब्रँडने टेस्ट म्हणून 30 वर्णनं फुकट मागितलीत. देऊ का? (ठाणे)

उत्तर : अहो, 30 म्हणजे त्यांचं अख्खं कलेक्शन झालं, टेस्ट कसली! 3 द्या, बाकीच्यांचा रेट मेलवर लिहून मागा. उत्तर आलं नाही तर तुमची 27 वर्णनं लिहायची मेहनत वाचली.