खारपाणपट्ट्यातली कपाशी: जिप्समची पोती आणण्याआधी ढेकूळ पाण्यात टाकून बघा

प्रश्न (दर्यापूर तालुक्यातून): पूर्णाकाठची काळी भारी जमीन आहे. कपाशी दरवर्षी तुरळक उगवते, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरल्या तरी टिकत नाहीत. पाऊस झाला की आठ-आठ दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, उघडीप मिळाली की हात जाईल एवढ्या भेगा. जिप्सम किती टाकावं? बोअरला पाणी भरपूर आहे, ठिबक करावं का?

उत्तर: तुमचं वावर खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारं असलेल्या पूर्णाकाठच्या पट्ट्यात येतं. तुमच्या वर्णनावरून जमीन नुसती खारी नाही, चोपण दिसते. दोन्हींचा इलाज वेगळा. मिठाचा त्रास कपाशी पुष्कळ सोसते, फक्त उगवणीच्या वेळी ती नाजूक असते. पण चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळाला हवा मिळत नाही. तुमच्या नांग्या मरतात त्या बहुधा यामुळे.

घरीच खात्री करा. वावरातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. भोवती गढूळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही बसला नाही, तर जमीन चोपण समजा. बोअरचं पाणी मात्र यासाठी वापरू नका, त्यातले क्षार माती बांधून धरतात आणि परीक्षा फसते.

मग प्रयोगशाळा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच) आणि क्षारता असते, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, नसतो. तो वेगळा सांगून तपासून घ्या. नमुना 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असा दोन थरांतून द्या, कारण आपल्या पट्ट्यात खरी खोड खालच्या थरात असते. आणखी एक: कपाशी 7.7 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत क्षारता सोसते असं पुस्तकात असतं, ते मातीच्या संपृक्त अर्कातलं, म्हणजे माती जेमतेम भिजेल एवढ्याच पाण्यातून काढलेल्या अर्कातलं मोजमाप आहे. पत्रिकेतला आकडा जास्त पाण्यात कालवलेल्या मातीचा असल्यामुळे बराच कमी येतो. तो बघून निश्चिंत होऊ नका.

जिप्समची खरी मात्रा अहवालावरूनच ठरते. सर्वसाधारण शिफारस हेक्टरी अडीच टन, म्हणजे एकरी 10 क्विंटल. मे अखेरीस सारखं पसरून वखराच्या पाळीने वरच्या चार-सहा इंचांत मिसळा, खोल नांगरून गाडू नका. जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं. एकरी 10 क्विंटल विरघळायलाच साधारण 100 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरावा लागतो. म्हणून कपाशी उभी असताना बुडाशी मूठभर टाकून काही साधत नाही. जिप्सममधल्या कॅल्शियममुळे मातीपासून सुटलेला सोडियम वाहून जायला उताराच्या दिशेने चर हवेतच. चर नसतील तर जिप्समचा खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

पैशाची ओढाताण असेल तर वावराचे तुकडे पाडा. एका तुकड्यात ढेंचा हे हिरवळीचं पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडा. तो कुजताना निघणाऱ्या आम्लाने जमिनीतलीच चुनखडी थोडी विरघळते आणि कॅल्शियम फुकटात मिळतं. काम सावकाश होतं, पण होतं.

बोअरचं पाणी देऊ नका. एक-दोन ओलितांनी पऱ्हाटी तरारते आणि माणूस तिथेच फसतो. दोन-तीन हंगामांत वावर दगडासारखं होतं. ठिबकने पाणी वाचतं, त्यातला सोडियम वाचत नाही. शेततळं घ्या. पाणी न झिरपणं हा या मातीचा दोष तिथे गुण ठरतो. बऱ्याच ठिकाणी अस्तराशिवायही पाणी टिकतं. फक्त खोदताना खाऱ्या भूजलापर्यंत जाऊ नका. पात्या-फुलं लागताना एक आणि बोंडं भरताना एक, एवढी दोन संरक्षित ओलितं मिळाली तरी फरक दिसतो.

प्रश्न (तेल्हारा तालुक्यातून): अशा जमिनीत कोणतं वाण घ्यावं? खत कसं द्यावं?

उत्तर: ‘खाऱ्या जमिनीचं खास बियाणं’ म्हणून कोणी पाकीट विकत असेल तर जपून. कोरडवाहू वावरात एकेए-7, एकेए-8 यांसारखे अकोला विद्यापीठाचे देशी वाण माझ्या मते जास्त भरवशाचे. मूळ खोल जातं, रसशोषक किडींना दाद देत नाहीत. धागा आखूड, आणि फुटलेला कापूस लवकर गळतो, म्हणून वेचणी वेळेवर हवी. बाजारात भाव आधी विचारून ठेवा.

पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा, म्हणजे वरचे क्षार खाली गेलेले असतात. रुंद वरंबा-सरी पाडून वरंब्यावर टोबा, बी दोन इंचांपेक्षा खोल नको. युरिया वर फेकला तर या सामूला अमोनिया होऊन उडतो. मातीत झाकून द्या. अमोनियम सल्फेट वापरलं तरी तेही झाकूनच द्या. झिंक सल्फेट हेक्टरी 25 किलो शेणखतात मिसळून द्या, स्फुरदाच्या खतात कालवू नका.