गेट-टुगेदरला जायचंय, पण ‘मिस्टर काय करतात?’ याला काय सांगू?

डिसेंबर लागला की बडोद्यातल्या मराठी शाळांच्या जुन्या बॅचेस गेट-टुगेदर ठरवतात, कारण अमेरिका-कॅनडातले वर्गमित्र तेव्हाच सुट्टीवर घरी आलेले असतात. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या साठीच्या आसपासच्या माणसांकडून याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: जाऊ की नको? इथे 61 वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेतलं आहे, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

माहेर दांडिया बाजारातलं, आता राहणं कारेलीबागेत. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलाचा धंदा बसला आणि तो आईकडेच राहतो. शाळेच्या ग्रुपवर नातवंडांचे आणि परदेशातल्या घरांचे फोटो यायचे. बाईंनी ग्रुप म्यूट केला होता, पण झोप येईना की तोच उघडून बसायच्या.

‘भीती वाटते’ एवढ्यावर पुढे जाता येत नाही. नेमकं कोणतं वाक्य कानावर पडेल याची धास्ती आहे, ते कागदावर उतरवायचं. त्यांनी तीन लिहिली: मिस्टर काय करतात? मुलगा कुठे असतो? तू पुढे काय केलंस? चौथं उठता उठता आलं. शाळेत त्यांना नादारी, म्हणजे गरिबीमुळे फी माफ, होती. नादारीची नावं वर्गात मोठ्याने वाचली जात आणि एक मुलगी मधल्या सुट्टीत त्यावरून चिडवायची. तीही येणार होती. खरा काटा बहुधा असा शेवटी निघतो.

पहिल्या तीन प्रश्नांना तयारी पुरते. उत्तर दोन वाक्यांचं ठेवायचं: एक खरं सांगणारं, दुसरं समोरच्याकडे बोलणं वळवणारं. “हे गेले गं, दोन वर्षं झाली. तुझी आई अजून वाडीतच असते का?” “मुलगा माझ्याजवळच आहे, नवीन काम बघतोय. तुझी मुलं?” लांब खुलासा केला की सल्ले सुरू होतात. खोटं सांगितलं तर दिवसभर ते सांभाळत बसावं लागतं, आणि कारेलीबागेतलं खोटं अलकापुरीत पोचायला वेळ लागत नाही. ही वाक्यं मनात घोकून भागत नाही, मोठ्याने म्हणावी लागतात. बाईंचा आवाज ‘गेले’ या शब्दावर पहिल्या चार-पाच वेळा अडकला, मग अडकेनासा झाला. हे अडकणं भर मंडपात होण्यापेक्षा बंद खोलीत झालेलं बरं.

आणखी एक गोष्ट आधी करून घेतली. यजमान गेल्याचं एका विश्वासू मैत्रिणीने ग्रुपवर कळवलं. सांत्वनाचे निरोप फोनवर येऊन गेले आणि तो प्रश्न त्या दिवशी दोघींनीच विचारला.

वेळ ठरवणंही महत्त्वाचं. कार्यक्रम सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा होता. दहाच्या आत पोचायचं ठरलं, कारण तोवर माणसं सुटी सुटी उभी असतात. उशिरा गेलं की जमलेल्या घोळक्यात शिरावं लागतं आणि बुजऱ्या माणसाला तेच सगळ्यात जड जातं. दुपारच्या जेवणानंतर निघायचं, हे आयोजकांना आदल्या दिवशीच कळवलं, म्हणजे ऐनवेळी “थांब ना गं” नको. जाणं-येणं स्वतः केलेल्या रिक्षाने. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की निघणं आपल्या हातात राहत नाही.

आयोजकांनाही एक सांगणं आहे. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शाळा सोडून तीसेक वर्षं झाली तरी वर्गमित्रांचे जुने फोटो लोक दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखत होते, पण फोटो बघून नाव आठवणं मात्र पुष्कळ कमी झालं होतं. म्हणून छातीवरच्या चिठ्ठीवर शाळेतलं नाव, बायकांचं माहेरच्या आडनावासकट, ठळक अक्षरांत लिहा आणि शेजारी दहावीचा फोटो चिकटवा. “ओळख बरं, मी कोण?” हा खेळ मात्र टाळा. त्यात दोन्ही बाजूंची माणसं ओशाळतात.

आता चौथं वाक्य. चारचौघांत जुना हिशेब काढू नये, एवढं पक्कं केलं. बोलायचंच तर बाजूला नेऊन, एका वाक्यात. ती माफी मागेल, हसण्यावारी नेईल किंवा तिला काही आठवणारच नाही, या तिन्ही शक्यता आधी बोलून घेतल्या. तिसरी खरी ठरली. ती शेजारी बसून पुरणपोळी वाढून घेत म्हणाली, “तू किती शांत होतीस गं!” बाई काही बोलल्या नाहीत. दिवस छान गेला, रात्री मात्र रडू आलं. पुढच्या भेटीत आम्ही नादारीवरच बोललो. मिस्टरांचा विषय निघालाही नाही.

मेळाव्यानंतरचे दोन-तीन दिवस रितेपण येतं, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांना. त्या भरात सहलीचे पैसे भरू नका, वर्गमित्राच्या गुंतवणुकीच्या योजनेत शिरू नका. पंधरा दिवस जाऊ द्या. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

घरातलं दुःख अगदी ताजं असेल तर यंदा न जाणंही योग्यच. एक व्हॉइस मेसेज पाठवा. आणि ज्या एका-दोघांना खरंच भेटावंसं वाटतं, त्यांना जानेवारीत कमाटीबागेत सकाळी फिरायला बोलवा.